वाढीची रेघ

दवाखान्यातून फोन आला. कोवळा आवाज, पाठ केलेली वाक्यं:
"मॅडम, एकोणीस वर्षांपूर्वी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
तेव्हा अठराच्या आत असलेल्या सगळ्यांना शोधतोय आम्ही.
पंधरा मिनिटं लागतील."
मी गंगापूर रोडला, हँडलला मेथीची पिशवी.
स्कूटर कडेला घेतली. म्हटलं, विचारा.

शून्य ते दहा, किती दुखतं?
एरवी एक. जानेवारीत
निफाडकडून वारा सुटतो तेव्हा चार.

जिना चढता येतो?
चढायचं काय विचारता, उतरायचं विचारा.
पांडवलेणीला शाळेची सहल नेते मी,
वर मुलींच्या आधी पोचते.
येताना पायऱ्यांशी आडवी होऊन खेकड्यासारखी उतरते
आणि त्यांना सांगते, शहर बघतेय.

मांडी घालून बसता?
बसते. उठताना शेजारणीचा खांदा लागतो.

उकिडवं?

इथे मी जरा थांबले.
आठ जणी उकिडव्या, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे,
टाचा उचललेल्या, बोटं मातीत,
आणि पाठीवर केव्हाही पडेल तो तळवा.
माझ्या आयुष्यात एवढं सावध मी
पुन्हा कशासाठीच बसले नाही.
नाही, म्हटलं. उकिडवं नाही.

खांबाला वळसा घेताना पाय मातीत राहिला, मी वळले.
टक्. मला वाटलं माझं मलाच ऐकू आलं.
देवरे बाई नंतर म्हणाल्या, गुण मांडणाऱ्या टेबलापर्यंत आलं होतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.
हाडाच्या टोकाशी एक फिकट रेघ:
"ही उघडी आहे अजून. मुलगी वाढतेय.
छिद्र पाडायचं ते हिच्या अंगावरून."
बाबांनी विचारलं, थांबलो तर?
"तर आतली गादी फाटत जाईल."
बाबांनी भविष्य निर्वाह निधीचा अर्ज भरला.
माझं वय त्यात कुठेच लिहायचं नव्हतं.

मांडीमागचा कंडरा काढून गुडघ्यात ओवला.
त्याला कुठे माहीत, आपण आता दुसरंच काहीतरी आहोत.
त्याच वर्षी सातपूरला
बाबांना लेथवरून काढून स्टोअरला बसवलं.
म्हणायचे, नवीन खात्यात रुळायला दीड वर्ष तरी लागतं,
तिलाही, मलाही.
मी नवव्या महिन्यात मैदानात होते.

"पुन्हा दुखापत?"
त्याला नाही. उजव्याला. अठराव्या वर्षी.
तुमच्या कागदावर उजव्याला जागा आहे का?
"आहे मॅडम. 'विरुद्ध बाजू'."
विरुद्ध. बिचारा सगळं ओझं घेत होता डाव्याचं.

"पायांच्या लांबीत फरक?"
मोजला नाही कुणी. पण सिडकोतला मोमीन टेलर
न सांगता सलवारीचा डावा पाय पाव बोट कमी ठेवतो.
लिहा तसं.

"शेवटचा प्रश्न. शस्त्रक्रियेबद्दल समाधानी आहात? हो, किंवा नाही."
परवाच्या फोटोत फट अरुंद झालीय हाडांमधली,
चौतिसाव्या वर्षी पन्नाशीचा गुडघा.
आणि नवव्या महिन्यापासून उजवा जाईपर्यंत
एकेचाळीस सामने.
एकदा सोलापूरला साडेचार मिनिटं मी कुणाच्या हाती लागले नव्हते.
त्याला रकाना नाही.
लिहा, हो.
थांबा. हो, पण घाई केली.
"एकच लिहिता येतं मॅडम."

मग तो गप्प झाला. फोन ठेवेना.
आणि पाठ न केलेल्या आवाजात म्हणाला,
"माझी बहीण चौदाची आहे. फुटबॉल.
मागच्या मंगळवारी.
रेघ उघडी आहे तिचीही."

किती थांबायला तयार आहे ती?

"म्हणते, एक दिवसही नाही."

मला हसू आलं, मग आलं नाही.
मेथी उन्हात मान टाकत होती.
म्हटलं, आहे का ती तिथे?
तिला दे.